वजनकाटा आठवड्यातून एकदाच

खाण्याच्या विकाराची पहिली शंका पुष्कळदा दातांच्या डॉक्टरला येते. वरच्या पुढच्या दातांची टाळूकडची बाजू गुळगुळीत झिजलेली दिसते. कीड नसते, ठणकाही नसतो. पोटातलं आम्ल वारंवार तोंडात आलं की दातांवरचं कठीण आवरण तिथून विरघळत जातं. कधी गालांजवळच्या लाळग्रंथी सुजलेल्या असतात, कधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे 'चार महिने पाळी नाही' ही तक्रार जाते, कधी केस गळतात म्हणून त्वचेच्या डॉक्टरांची पायरी चढली जाते. 'मी रात्री लपून खाते आणि मग ओकून टाकते' असं सांगत थेट मानसोपचाराच्या दारात येणारी बाई विरळा. येते तेव्हाही मागे काही वर्षं गेलेली असतात.

आल्यावर पुढे काय होतं, कोण काय करतं आणि कोणत्या क्रमाने, ते इथे पाहायचं आहे. बाहेरून बघणाऱ्याला हे उपचार उलटे वाटतात. आजार मनाचा म्हणायचा आणि पहिला महिनाभर बोलायचं ते जेवणाच्या वेळांवर! पण हा क्रम विचारपूर्वक ठरलेला आहे.

सोयीसाठी एक उदाहरण घेऊ. वृषाली, वय सव्वीस, नाशिकला बँकेत नोकरी, घरी आई-बाबा आणि आजी. ही वृषाली कल्पित आहे, पण तिचा दिवस या क्षेत्रात काम करणाऱ्या कोणालाही ओळखीचा वाटेल. सकाळी 'उशीर झाला' म्हणून नुसता चहा. डब्यातल्या तीन पोळ्यांपैकी निम्म्या मैत्रिणीला. संध्याकाळी घरी आल्यावर 'बाहेर खाऊन आले' म्हणून फक्त ताक. साडेदहाला सगळे झोपले की स्वयंपाकघरातला दिवा न लावता फ्रिज उघडायचा. उरलेला भात, मग पोळ्या, मग चिवड्याचा डबा, मग बिस्किटांचा अख्खा पुडा. चव कळत नाही आणि थांबताही येत नाही. मग बाथरूमचा नळ मोठा सोडायचा. सकाळी पुन्हा शपथ: आज कडकडीत. वजन जवळपास पूर्वीइतकंच, त्यामुळे घरात कोणाला पत्ता नाही.

हा बुलिमिया. लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली तो वेगळा ओळखला आणि त्याला नाव दिलं. वजन धोकादायक पातळीपर्यंत उतरवणारा ॲनोरेक्सिया डॉक्टरांना त्याच्याही शंभर वर्षं आधीपासून, १८७३च्या सुमारापासून माहीत होता. भरमसाट खाण्याचे झटके येतात, पण नंतर ओकणं किंवा उपाशी राहणं नसतं, त्या तिसऱ्या प्रकाराला अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली ती २०१३ साली. खाण्याचा विकार म्हटलं की हाडांचा सापळा झालेली मुलगी डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात यातल्या बहुतेकींचं वजन कमी नसतंच. म्हणून तर त्या नजरेतून सुटतात.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. पाश्चात्त्य पुस्तकांतली रुग्ण म्हणते, 'मला जाड व्हायची भीती वाटते.' आशियातल्या अनेक मुली तसं म्हणत नाहीत. त्या म्हणतात, पोट फुगतं, भूकच नाही, घास खाली उतरत नाही. हाँगकाँगचे मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांनी १९९०च्या दशकात हे नीट मांडलं आणि भारतातूनही अशा रुग्णांची वर्णनं आली. त्यामुळे जाडपणाची भीती नाही म्हणजे आजार नाही, असा हिशेब करणारा डॉक्टर हमखास फसतो. पोटाच्या डॉक्टरांच्या वाऱ्या, एंडोस्कोपी, 'सगळं नॉर्मल आहे' आणि वजन मात्र दर महिन्याला खाली.

शंका आल्यावर फॅमिली डॉक्टरला दोन मिनिटांत विचारता येतील असे पाच प्रश्न ब्रिटनमध्ये १९९९ साली तयार झाले. जेवून पोट गच्च झालं म्हणून मुद्दाम उलटी काढता का? खाण्यावरचा ताबा सुटलाय अशी काळजी वाटते का? गेल्या तीन महिन्यांत सहा किलोंहून जास्त वजन उतरलं का? इतर जण बारीक म्हणतात तरी आपण जाड आहोत असं वाटतं का? खाण्याच्या विचारांनी सगळं आयुष्य व्यापलंय का? दोन किंवा जास्त उत्तरं 'हो' आली तर निदान ठरत नाही, पण नीट तपासणी करायलाच हवी.

ती तपासणी आधी शरीराची. वारंवार ओकल्याने आणि जुलाबाच्या गोळ्यांनी रक्तातलं पोटॅशियम उतरतं. ते फार उतरलं तर हृदयाचा ठोका चुकतो. चांगली दिसणारी, कामावर जाणारी मुलगी अचानक कोसळण्यामागे हे असू शकतं. म्हणून रक्ततपासणी, ईसीजी, नाडी, आडवं असताना आणि उभं राहिल्यावरचा रक्तदाब. नाडी फार मंद, चक्कर येऊन पडणं, वजन झपाट्याने उतरणं किंवा आत्महत्येचे विचार यांपैकी काही असेल तर बाकीचं बाजूला ठेवून आधी रुग्णालय.

खूप दिवस उपाशी राहिलेल्या बाईला 'आता खा बाई पोटभर' म्हणून ताट भरून वाढणं घातकही ठरू शकतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. एकदम अन्न आलं की इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट पेशींमध्ये ओढलं जातं, रक्तात त्याचा तुटवडा पडतो आणि हृदय, श्वास, मेंदू सगळेच अडचणीत येतात. दुसऱ्या महायुद्धात जपानी छावण्यांतून सुटलेल्या युद्धकैद्यांमध्ये डॉक्टरांनी हे पाहिलं. सुटका झाली, अन्न मिळालं आणि त्यातले काही त्यानंतर दगावले. म्हणून ॲनोरेक्सियाच्या गंभीर रुग्णाला आहार टप्प्याटप्प्याने वाढवतात आणि रक्त पुन्हा पुन्हा तपासतात. हे काम घरच्या घरी करायचं नाही.

वृषालीचं पोटॅशियम किंचित कमी निघालं, बाकी ठीक. आता ती मानसतज्ज्ञासमोर बसली आहे.

पहिल्याच बैठकीत टेबलावर कोरा कागद येतो आणि दोघी मिळून एक वर्तुळ काढतात. सगळ्यात वर: 'माझी किंमत माझ्या शरीरावर.' तिथून बाण: कडक नियम. मग: उपाशी राहणं. मग: नियम मोडला. मग: 'मोडलाच आहे तर सगळंच खाऊ.' मग: ओकणं. मग: लाज. आणि लाजेतून परत पहिल्यापेक्षा कडक नियम. वृषालीला आजवर वाटत होतं की रात्रीचं खाणं हा तिचा दोष आणि दिवसभरचा संयम हा तिचा गुण. कागदावर दिसतं की संयमानेच झटका आणलाय.

हे वर्तुळ तोडायचं कुठे? वरचा मुद्दा, म्हणजे शरीरावरून स्वतःची किंमत करणं, तोच मूळ दिसतो. पण तो हलायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. चटकन तुटते ती उपासमारीची कडी. तीच आधी तोडायची, याला एक जुना आणि भक्कम आधार आहे.

नोव्हेंबर १९४४मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी एक प्रयोग सुरू केला. युद्धात शस्त्र धरायला नकार देणारे छत्तीस तरुण स्वेच्छेने त्यात उतरले. शरीराने धडधाकट, मनाने स्थिर, असे पारखून घेतलेले. सहा महिने त्यांना नेहमीच्या निम्म्याच्या आसपास, दिवसाला साधारण १५७० कॅलरींचं अन्न दिलं. वजन सुमारे एक चतुर्थांश उतरलं. पण प्रयोग गाजला तो त्यांच्या मनाचं जे झालं त्यामुळे. ही मुलं दिवसरात्र खाण्याबद्दल बोलू लागली. पाककृतींची पुस्तकं जमवू लागली. ताट चाटू लागली, एकेक जेवण तासभर लांबवू लागली, चिडचिडी आणि एकलकोंडी झाली. काहींनी चोरून खाल्लं आणि मग अपराधीपणाने खचली. बंधनं उठल्यावर कित्येकांना पोट तुडुंब भरलं तरी भूक शमल्यासारखं वाटेना. यातल्या कोणालाही मुळात खाण्याचा विकार नव्हता आणि आरशाचं वेडही नव्हतं. कीज यांचा हा सगळा अभ्यास १९५०मध्ये दोन जाड खंडांत प्रसिद्ध झाला. आज वजन कमी करण्याच्या जाहिरातींत बायकांना याहून कमी कॅलरींचे तक्ते सर्रास मिळतात, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

वृषालीच्या 'स्वभावा'तला बराच भाग, म्हणजे रील्सवर तासन् तास रेसिपी बघणं, सगळ्यांसाठी केक करून स्वतः न खाणं, आईवर खेकसणं, हा भुकेचा परिणाम असू शकतो. पोट नियमित भरायला लागल्यावर त्यातलं किती उरतं ते बघायचं आणि उरेल त्यावर मानसोपचार करायचे.

या उपचारपद्धतीची नीट घडी बसवली ऑक्सफर्डच्या क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी. बुलिमियासाठी वीस आठवडे, वीस बैठका. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, मग एकदा, शेवटी पंधरवड्याने. वजन फार कमी असेल तर बैठका दुप्पट. पहिल्या टप्प्याची हत्यारं तीन: वही, घड्याळ आणि वजनकाटा.

वहीत जे खाल्लं ते त्याच वेळी लिहायचं. रात्री आठवून नव्हे. वेळ, पदार्थ, जागा, अती झालं असं वाटलं तर तारा, उलटी झाली तर तशी खूण, आणि शेवटच्या रकान्यात तेव्हा मनात काय होतं ते. कॅलरी लिहायच्या नाहीत. मोबाइलमधलं कॅलरी मोजायचं ॲप याच आठवड्यात काढून टाकायचं. वृषालीच्या वहीतलं एक पान असं दिसेल:

स. ८.१० – चहा. ओट्याशी उभ्याने. आई पोहे घे म्हणाली, नको म्हटलं.
दु. १.३० – दीड पोळी, मेथीची भाजी. ऑफिस. बाकीच्या जणी किती खातात ते बघत होते.
सं. ७.०० – ताक. घरी. जेवताना बाबांनी नव्या स्थळाचा विषय काढला. फोटो पाठवायचाय.
रा. १०.४० – भात, ४ पोळ्या, चिवडा, बिस्किटांचा पुडा. * उलटी. मी अशीच राहणार.

वृषालीचं लक्ष शेवटच्या ओळीवर. मानसतज्ज्ञ बोट ठेवते दीड ते पावणेअकरा या नऊ तासांवर. एवढ्या वेळात पोटात दीड पोळी आणि ताक, वर स्थळाचा विषय. 'रात्री तुझा ताबा का सुटला' हा प्रश्न मग विचारावाच लागत नाही.

वजन आठवड्यातून एकदा, तेही बैठकीत, दोघींनी मिळून बघायचं आणि आलेखावर टिंब द्यायचं. घरचा काटा आईच्या कपाटात. रोज दोनदा वजन करणारीला हे जड जातं; पण ज्यांनी भीतीने वर्षभर काट्यावर पायच ठेवला नाही त्यांनाही हाच नियम. शरीरातलं पाणी, मीठ, पाळीचे दिवस, पोट साफ होणं यांनी एकाच दिवसात काटा किलो-दीड किलो सहज हलतो. एका आकड्यावरून काहीच कळत नाही. चार आठवड्यांची चार टिंबं जोडली की मग कुठे दिशा दिसते. आणि ज्या गोष्टीची सगळ्यात भीती होती, 'नियमित जेवले तर फुगत जाईन', ती बुलिमियाच्या बहुतेक रुग्णांत खरी ठरत नाही, हे तिचाच आलेख तिला दाखवतो.

घड्याळाचं काम आहारतज्ज्ञाकडे येतं. फेअरबर्न यांच्या मूळ पद्धतीत आहारतज्ज्ञ वेगळी असावी लागत नाही, एकच थेरपिस्ट सगळं करतो. तरी आपल्या घरांतलं खाणं, चार पिढ्यांचे नियम, सणवार, डबे बघता मला दोघी हव्यातच असं वाटतं. उलटी बाजूही स्पष्ट आहे: ब्रिटनच्या २०१७च्या अधिकृत मार्गदर्शनानुसार ॲनोरेक्सियात नुसता आहारसल्ला हा एकटा उपचार म्हणून द्यायचा नाही. आपल्याकडे नेमकं तेच होतं. मुलीला डाएटिशियनकडे नेतात, ती तक्ता देते, मुलगी तो तक्ता चक्रातला नवा कडक नियम म्हणून स्वीकारते.

या उपचारातली आहारतज्ज्ञ तक्ता देत नाही, वेळा देते. तीन जेवणं, दोन-तीन मधली खाणी, आणि दोन खाण्यांमध्ये चार तासांहून जास्त अंतर नाही. आठला पोहे, शेंगदाणे घालून. अकराला केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू. दीडला डबा, पूर्ण. पाचला उपमा नाहीतर थालीपिठाचा तुकडा आणि दही. साडेआठला सगळ्यांबरोबर पानावर बसून पोळी-भाजी, वरण-भात. काय खायचं हे सुरुवातीला गौण. केव्हा खायचं ते महत्त्वाचं. भूक लागायची वाट बघायची नाही, कारण तिची भूक आणि तृप्ती या दोन्ही घंटा बिघडलेल्या आहेत. घड्याळ सांगेल तेव्हा खायचं, औषध घेतल्यासारखं. आणि रात्री झटका आला, उलटी झाली, तरी सकाळी आठचे पोहे रद्द होत नाहीत. सगळ्या टप्प्यात हे सर्वांत अवघड, आणि इथेच चक्र तुटतं.

चांगली आहारतज्ज्ञ पुढचे त्रास आधीच सांगून ठेवते. पहिले काही आठवडे दोन घासांत पोट गच्च वाटेल. उपाशी शरीरात जठर रिकामं व्हायला उशीर लागतो, त्यामुळे पोट फुगणं म्हणजे जास्त खाल्लं असं नव्हे. ओकणं किंवा जुलाबाच्या गोळ्या थांबवल्या की पाय, चेहरा सुजतील, काटा एकदम वर जाईल. शरीर इतके दिवस पाणी गमावत होतं, ते आता धरून ठेवतंय, काही आठवड्यांत सूज उतरेल. हे न सांगता उपचार सुरू केले तर बाई तिसऱ्या दिवशी पळून जाते आणि तिचं काही चुकतही नाही. डॉक्टरांना मात्र कळवायचं, कारण फार दिवसांच्या गोळ्या बंद करताना त्यांची नजर हवी.

दोन गैरसमजही तिथेच निघतात. ओकल्याने खाल्लेलं सगळं बाहेर पडत नाही. बराच भाग तोवर शोषला गेलेला असतो. जुलाबाच्या गोळ्यांचं काम मुख्यतः मोठ्या आतड्यात आणि अन्न शोषलं जातं लहान आतड्यात, त्यामुळे जातं ते पाणी आणि क्षार. आणि उलटी झालीच तर लगेच दात घासायचे नाहीत, आम्लाने मऊ झालेलं आवरण ब्रशने आणखी निघतं. साध्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून चुळा भरायच्या.

वेळा बसल्या की निषिद्ध पदार्थांची यादी काढली जाते. प्रत्येकीची यादी वेगळी. वृषालीच्या यादीत खालच्या पायरीवर भात, मग तळलेली पुरी, मग चॉकलेट आणि अगदी वर तूप घातलेली पुरणपोळी. खालून एकेक पायरी चढायची. पहिल्यांदा आहारतज्ज्ञ स्वतः समोर बसून तिच्याबरोबर तेच खाते, मग घरी आईबरोबर, मग एकटीने. सगळ्या पायऱ्या चढायला महिने लागतात. पुरणपोळी खाऊन झाल्यावरचा तास महत्त्वाचा असतो, म्हणून त्या तासाला काय करायचं हे आधी ठरलेलं: मैत्रिणीला फोन, आजीबरोबर अंगणात बसणं, काहीही, फक्त बाथरूमपासून लांब.

आता उपवास. आपल्याकडे उपासमारीला देवाचं नाव देता येतं आणि घरात कौतुकही होतं. संकष्टी, मार्गशीर्षातले गुरुवार, नवरात्राचे नऊ दिवस. आजी खूश, आई खूश. यावर उपचार करणाऱ्या टीममधल्या माणसांनी श्रद्धेची उलटतपासणी घेऊ नये. एक प्रश्न पुरतो. उपवासाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वजन बघतेस का? उत्तर 'हो' आलं की कळायचं ते कळतं. उपचार चालू असेपर्यंत उपवास बंद, हा सरळ नियम. आजारी, गरोदर आणि वृद्ध माणसांना आपल्या घरांत उपवास माफ असतातच, तेच इथे लागू करायचं. आजीलाच हे समजावून दिलं तर तीच पुढे कोणाला वेडंवाकडं बोलू देत नाही. देवासाठी काहीतरी करायचंच असेल तर फुलं, पोथी, दान आहे.

मानसतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ एकमेकींशी बोलत नसतील तर या सगळ्याला अर्थ राहत नाही. आजार चतुर असतो. एकीला सांगायचं 'त्यांनी संध्याकाळचं खाणं वगळलं तर चालेल म्हटलंय', दुसरीला सांगायचं 'त्यांनी वही बंद केली'. म्हणून रुग्णाच्या संमतीने आठवड्याला एक फोन दोघींमध्ये व्हायलाच हवा.

उपचारांचे पहिले चार आठवडे संपले की मागे वळून बघायचं. या चार आठवड्यांत झटके आणि उलट्या ठळकपणे कमी झाल्या तर पुढची वाट बरी, हे या उपचारांवरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. झाल्या नसतील तर का, ते शोधायचं: नैराश्य आहे का, घरात मारहाण आहे का, दारू आहे का, जुना अत्याचार आहे का. तसं असेल तर योजनाच बदलते.

मग वर्तुळातल्या वरच्या मुद्द्याला हात घालायचा. मानसतज्ज्ञ पुन्हा कोरा कागद देते. एक गोल काढ आणि तू स्वतःला कशावरून जोखतेस त्याच्या फाका पाड. नोकरी, मैत्रिणी, गाणं, आई-बाबांची लेक असणं, दिसणं. वृषालीच्या गोलात पाऊण भाग वजनाचा. गाणं, जे ती बारावीपर्यंत शिकत होती, एका रेघेएवढं. वजनाची फाक नुसती रागवून लहान होत नाही. बाकीच्या मोठ्या कराव्या लागतात. गाण्याचा क्लास पुन्हा सुरू करणं हा इथे उपचार असतो, विरंगुळा नव्हे.

शरीर सतत तपासण्याची सवयही याच टप्प्यात. दंड चिमटीत धरून बघणं, फोटो मोठा करून हनुवटी बघणं, लग्नात इतर बायकांशी तुलना. यावरचा एक साधा गृहपाठ मला फार आवडतो. कॉलेज रोडवर फिरायला जा आणि समोरून येणाऱ्या दर तिसऱ्या बाईकडे बघ, ती कशीही असो. वृषाली परत येते तेव्हा तिच्या लक्षात आलेलं असतं की आजवर ती तुलनेसाठी फक्त सडपातळ मुलीच निवडत होती. आणखी एक: 'आज फार जाड वाटतंय' असं वहीत आलं की त्याच्या आधीच्या तासात काय झालं ते लिहायचं. साहेब बोलले, स्थळाकडून निरोप आला नाही, एकटं वाटलं. दुपारी चारला जे जाड वाटतं ते दुपारी तीनला नव्हतं. एका तासात शरीर बदललेलं नसतं.

वृषाली पंधरा वर्षांची असती आणि तिला ॲनोरेक्सिया असता तर क्रम वेगळा. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८०च्या दशकात घडलेली पद्धत मुलीला नव्हे तर आई-बापांना कामाला लावते. काही महिने मुलीच्या खाण्याचे सगळे निर्णय पालकांचे. काय, किती, केव्हा, आणि शाळेत डब्याच्या वेळी कोण हजर राहणार हेसुद्धा. वजन सावरलं की निर्णय हळूहळू तिच्याकडे परत, आणि शेवटी वयात येण्याचे बाकीचे प्रश्न. हे कोणामुळे झालं याची चौकशी या पद्धतीत करत नाहीत. आईला दोष देण्याची आपली जुनी खोड बघता हा मोठाच दिलासा.

औषधांचं थोडक्यात. फ्लुओक्सेटिनचा बुलिमियात उपयोग होतो, नैराश्यात देतात त्याहून मोठ्या मात्रेत. ॲनोरेक्सियाच्या मूळ आजारावर तसं भरवशाचं औषध नाही. बुप्रोपिऑन हे नैराश्यावरचं औषध ॲनोरेक्सिया-बुलिमियात देत नाहीत, फिट येण्याचा धोका वाढतो. मानसोपचारतज्ज्ञापासून उलट्या लपवण्यात म्हणूनच जोखीम आहे.

बायकांच्या बाबतीत पाळीकडे लक्ष द्यावंच लागतं. शरीराला ऊर्जा अपुरी पडली की मेंदू पाळीचे संप्रेरक-संदेश आवरते घेतो, इस्ट्रोजेन उतरतं आणि ज्या वयात हाडं भरायची त्या वयात ती पोकळ होऊ लागतात. अशा वेळी गर्भनिरोधक गोळ्यांनी पाळी 'आणली' तर कॅलेंडर सुधारतं, हाडं नाही. खाणं आणि वजन सावरणं हाच उपाय. पीसीओएस या संप्रेरकांच्या विकारातही पाळी चुकते, पण तिथे कोडं उलट असतं. 'वजन कमी करा' हा एका वाक्याचा सल्ला घेऊन मुलगी दवाखान्याबाहेर पडते आणि कित्येकींचं चक्र त्या पायरीवर सुरू होतं. पीसीओएस असलेल्या मुलीला आहाराचा सल्ला देण्याआधी वरचे पाच प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

घरच्यांनी काय करायचं हे टीम एका बैठकीत सांगते आणि त्यातलं निम्मं 'काय बोलायचं नाही' असंच असतं. 'अंगाने भरलीस', 'तब्येत सुधारली' तर नाहीच. 'किती बारीक झालीस, छान दिसतेस' हेही नाही, कारण तो आजाराला मिळालेला शेरा ठरतो. तिच्या ताटाकडे टक लावून बघायचं नाही, पण तिला एकटीला जेवूही द्यायचं नाही. बायोडेटातल्या 'सडपातळ बांधा' या ओळीवर फुली मारणं बाबांच्या हातात आहे. आणि आईने स्वतःच्या पोटावरून, दंडावरून स्वतःला नावं ठेवणं थांबवलं तर त्याचा उपयोग ती समजते त्यापेक्षा जास्त होतो.

शेवटच्या बैठकांत पुन्हा घसरलं तर काय, याचा कागद तयार होतो. धोक्याच्या जागा नावानिशी: लग्न ठरणं, साडीच्या ब्लाउजचं माप, गरोदरपण, बाळंतपणानंतरचे महिने, आजारपणात उतरलेलं वजन. पहिली खूण कोणती (वृषालीची: डबा मैत्रिणीला देणं) आणि ती दिसताच करायची गोष्ट: वही उघडणं, वेळा परत लावणं. साधारण पाच महिन्यांनी एक आढावा-बैठक. सगळ्याच बऱ्या होतात असं नाही. काहींना दुसरी थेरपी लागते, काहींना अनेक वर्षं. पण पुष्कळ जणी खरोखर बऱ्या होतात.

आता हे मिळायचं कुठे? स्वतंत्र केंद्रं थोडी आहेत आणि ती मोठ्या शहरांत. सुरुवात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार ओपीडीतून करता येते. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा, क्रमांक १४४१६, ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे. फोन मोफत, चोवीस तास, मराठीतही. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने विमा कंपन्यांना मनाच्या आजारांना शरीराच्या आजारांइतकंच संरक्षण देणं बंधनकारक केलंय. मात्र बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात, दर आठवड्याच्या बैठकांचा खर्च खिशातूनच जातो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी विचारून घ्यावी, आहारतज्ज्ञाची पदवीही. शनिवार-रविवारच्या कोर्सवर 'न्यूट्रिशन कोच' झालेली माणसं गल्लोगल्ली आहेत.

आहारतज्ज्ञाला पहिल्या फोनवर दोन गोष्टी विचाराव्यात. खाण्याच्या विकाराच्या रुग्णांबरोबर आधी काम केलंय का, आणि आमच्या मानसतज्ज्ञाशी दर आठवड्याला बोलाल का. पलीकडून जर प्रश्न आला, 'वजन किती आहे आणि किती उतरवायचंय?', तर नम्रपणे फोन ठेवावा आणि यादीतला पुढचा नंबर लावावा.